तिसऱ्या प्रकरणातला नवा सदरा

आमच्या घरात माझ्या पीएचडीला सगळे नुसतं 'ता', म्हणजे 'ते', म्हणतात. ता झाला काय, ता खंयपर्यंत इला. नाव घेतलं की आणखी लांबेल अशी बहुधा समजूत असावी. मी तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि विषय घेतलाय किनाऱ्यावरच्या बायकांच्या चालीरीतींचा. माहेर फोंडाघाटचं, भात आणि काजूतलं. आमच्याकडे समुद्र यायचा तो टोपलीतून, तोही बर्फ लावून. लग्न होऊन तोंडवलीजवळच्या या वाडीत आले, दारात होडी, सासू मासे विकणारी. वाटलं, विषय अंगणातच पडलाय, उचलायचा फक्त.

तो उचलला गेला नाही, पण लेख मात्र जमत गेले. कॉलेजातलं कोणी कोल्हापूरला निघालं की त्याच्याकडे मी चिठ्ठी द्यायची आणि तो बिचारा घाट चढून विद्यापीठाच्या लायब्ररीतून माझ्यासाठी झेरॉक्स घेऊन यायचा. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा कॉलेजचा प्रिंटर मी एकटीने म्हातारा केला. झेरॉक्स हातात आली की लेख निम्मा वाचल्यासारखा वाटतो. त्याला स्पायरल बाइंडिंग केलं की पाऊण. उरलेला पाव भाग सुट्टीत वाचायचा असतो, आणि ती सुट्टी कुठल्याच कॅलेंडरात नसते.

हे सगळं मागच्या खोलीत राहायचं. तिथे पूर्वी जाळी ठेवत. सासूबाईंना हा बदल कधीच पटला नाही. भिंतीला लागून छातीपर्यंत चढलेल्या त्या थप्प्यांकडे बघून त्या म्हणायच्या, जाळ्यात मासो तरी गावता.

या आषाढात गाईडचा फोन आला. सर कोल्हापूरचे, निवृत्तीला टेकलेले, बोलणं अगदी मृदू. विद्यापीठाने आता मुदत वाढवायची नाही असं ठरवलं होतं. दिवाळीच्या आत प्रबंध द्यायचा, नाही तर नोंदणी रद्द. मी म्हटलं, होईल सर, सगळं लिहून तयारच आहे. आणि ते खरंही होतं. मग सरांनी हळूच विचारलं की तिसऱ्या प्रकरणात ज्या लेखांचे दाखले दिलेत ते मॅडम, तुम्ही वाचलेत ना, कारण पान क्रमांक कुठेच दिसत नाहीत. मी म्हटलं, अर्थात. हा शब्द तोंडातून इतका सफाईदार निघाला की मला स्वतःलाच संशय आला. सर म्हणाले, मग तेवढे पान क्रमांक घाला.

तिसरं प्रकरण हा माझ्या प्रबंधाचा कणा. ते एकाच चालीवर उभं आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, ते सगळीकडेच देतात. पण आमच्या वाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहतात आणि समुद्राला शिव्या घालतात. ओव्या नाहीत, गाणी नाहीत, सरळ शिव्या. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून दरवर्षी हे लांबून, सुरूच्या झाडांखाली वही घेऊन उभी राहून पाहत आले होते. शब्द वाऱ्यावर जायचे, पण हातवारे स्पष्ट दिसत. आणि या चालीवर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलेलं होतं. त्या सगळ्यांचा मी आदराने उल्लेख केला होता. वाचलं मात्र एकालाही नव्हतं. याने त्याचा दाखला दिला, तोच मी उचलला.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून मागच्या खोलीत शिरले. कोकणातल्या आषाढात कागदाचं काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. टाचण्या गंजून लेखांना डाग पडले होते, बुरशीने काही निष्कर्ष कायमचे झाकले होते, आणि एका थप्पीत पालीने संसार मांडला होता. मी भाग पाडायला सुरुवात केली. एक ढीग 'वाचायचेच' यांचा. दुसरा 'वाचले असावेत' यांचा, म्हणजे ज्यांवर माझ्या अक्षरात पेन्सिलने 'महत्त्वाचे!' असं लिहिलं होतं आणि का ते लिहिलं नव्हतं. तिसरा ढीग ज्यांचं शीर्षक वाचूनच भूक भागते अशांचा. चौथा मी हळूच केला, त्यात एकाच लेखाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती होत्या. एक लेख तर मी इतक्यांदा मागवला होता की लेखकाच्या आईनेही तेवढ्या प्रती ठेवल्या नसतील.

सासूबाई दारात स्टूल टाकून बसत आणि बघत. एकदा म्हणाल्या की हे सगळं वाचून झालं की तुला काय देतात. मी म्हटलं, नावाच्या आधी डॉक्टर लावतात. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं की मग माझ्या गुडघ्यावर औषध देशील का. नाही म्हटल्यावर त्या उठून चुलीकडे गेल्या.

शेवटी मला हवे ते पाच लेख मिळाले. मी अगदी अलीकडच्यापासून सुरुवात केली. त्यात लिहिलं होतं की पर्यटनामुळे ही प्राचीन चाल आता मरणपंथाला लागली आहे. मला राग आला, कारण तो छापून आला त्याच वर्षी मी मोजता येणार नाहीत इतक्या बायका तिथे पाहिल्या होत्या. त्याच्या आधीच्या लेखात ही चाल वर्षातून दोनदा पाळतात असं होतं. त्याच्या आधीच्यात पुरुष घरात बसून कानांवर हात ठेवतात. आमच्या वाडीतले पुरुष त्या वेळी सुरूच्या बनापलीकडे पत्ते खेळत असतात, कानांना हात लावायला त्यांना सवड नसते. त्याच्या आधीच्यात तर ही चाल आणि दुसऱ्या कुठल्याशा खंडातली चाल एकच कशी ते सिद्ध केलं होतं. या चौघांतला एकही आमच्या वाडीत आलेला नव्हता. सगळे एका पहिल्या लेखाकडे बोट दाखवत होते. माझ्या मनात त्यांच्याविषयी एकदम आपुलकी दाटून आली. तेही झेरॉक्सवाले होते.

मग मी तो पहिला लेख उघडला. दिल्लीकडची एक बाई, माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, दुभाष्याला घेऊन किनाऱ्याने फिरत आली होती. भल्या सकाळी तिला एक वृद्ध कोळीण गुडघाभर पाण्यात उभी राहून समुद्राला शिव्या देताना दिसली. चौकशी केल्यावर त्या वृद्धेने ही परंपरा समजावून सांगितली. बाई प्रामाणिक होती. तिने त्या शिव्या दुभाष्याकडून जशाच्या तशा उतरवून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीखाली अर्थ लावला होता. मी पेन्सिल घेऊन वाचायला लागले.

'नवो सदरो घालून खंय चललस?' याखाली लिहिलं होतं: नवा सदरा म्हणजे पावसाळ्यानंतर लाटांवर येणारा शुभ्र फेस.

'तोंडातली विडी काढ आदी.' विडी म्हणजे क्षितिजावरचं धुकं, निसर्गाचं मानवीकरण.

'तुजो बापूस तसोच होतो.' इथे आदिम पितृ-सागराची कल्पना दिसते, अधिक संशोधनाची गरज आहे.

आणि मग: 'खारेपाटणाक व्हरतंय म्हणान सांगलंस, आणि आता पळतस?' याखाली दीड पान होतं. खारेपाटण हे जुनं बंदर, तिथला व्यापार बुडाला, त्या हरवलेल्या जलमार्गाची सामूहिक स्मृती या स्त्रियांनी शिव्यांच्या रूपाने जपून ठेवली आहे.

माझी पेन्सिल थांबली. खारेपाटण हे माझ्या सासूचं माहेर. खाडीकाठी तिच्या भावाचं घर आहे, आम्ही दर मे महिन्यात तिथे जेवायला जातो. आणि वर्षातला एकमेव नवा सदरा नारळी पौर्णिमेला शिवून घेणारा, तोंडातली विडी डॉक्टरांनी काढेपर्यंत न काढणारा, आणि बायकोला माहेरी नेण्याचं कबूल करून ऐन वेळी होडीत बसणारा माणूस मी चांगला ओळखत होते. तो माझा सासरा होता. तीन वर्षांपूर्वी गेला.

मी लेख घेऊन बाहेर आले. सासूबाई पडवीत सूप घेऊन सुकट निवडत होत्या. मी समोर बसले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. सदऱ्याला त्यांचा हात थांबला. विडीला त्यांनी पदर तोंडाला लावला. खारेपाटणपर्यंत पोचले तेव्हा त्या सुपावर वाकून इतक्या हसत होत्या की सुकट उडत होती.

मी विचारलं, "आई, ह्या तुम्ही कोणाक बोललात?"

"तेकाच. आनी कोणाक?" त्या म्हणाल्या. "होडी गेली टोकापलीकडे, तरी मी बोलतच होतंय. मागे बघतंय तर ही बाय वही घेवन उभी. इचारता, कोणाशी बोलतास? आता परक्या बाईक काय सांगू, घोवाक गाळी घालतंय म्हणान? म्हटला, दर्याक."

एकदा 'दर्याक' म्हटल्यावर तिथे थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाईने विचारलं का, तर त्यांनी सांगितलं रीत आहे. विचारलं कधी, तर कालच पौर्णिमा झाली होती, म्हणून सांगितलं पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. कोण घालतं, तर वडीलधाऱ्या बायका, कारण तरण्या सुनांना असलं काही शिकवणं बरं नव्हे. पुढच्या वर्षी पौर्णिमेनंतर चार विद्यार्थी रीत बघायला वाडीत येऊन दाखल झाले. आता वाडीची लाज जायची वेळ. सासूबाईंनी दारोदार फिरून बायका गोळा केल्या आणि पाण्यात उभ्या केल्या. सुरुवातीला सगळ्या लाजल्या, पण एकदा तोंड सुटलं तसं कोणाला थांबवेना. त्याच्या पुढच्या वर्षी बघायला कोणीच आलं नाही. बायका मात्र आल्या.

मी विचारलं, सासऱ्यांना हे कळलं होतं का. त्या पुन्हा सूप हलवायला लागल्या. म्हणाल्या, "तेका सगळा ठावक होता. म्हणा होतो, बरा झाला, बायलेन माका दर्यो केल्यान." मग त्यांनी विचारलं की लेखात आपल्याला काय म्हटलंय. मी 'वृद्ध कोळीण' सांगितलं आणि तिथे चुकलं. एवढा वेळ खदखदून हसणारी बाई एकदम गंभीर झाली. त्या वर्षी त्यांच्या केसात एकही पांढरा नव्हता, असं त्यांचं म्हणणं. शिरा पडली तिच्या तोंडार, असं त्या बाईबद्दल बोलून त्यांनी सूप आपटलं. एवढ्या पाच विद्वानांनी पिढ्यानपिढ्या खोटं लिहिलं याचं त्यांना काही नव्हतं. पण म्हातारी लिहिलं हे त्यांना जेवताना आठवत राहिलं.

माझं मात्र जेवणावरून मन उडालं. कणा म्हणून जे उभं केलं ते माझ्याच घरातलं नवरा-बायकोचं भांडण निघालं होतं. तिसरं प्रकरण काढलं तर प्रबंध उरत नव्हता. ठेवलं तर ते आता मला ठाऊक असून खोटं होतं. सकाळी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, सदऱ्यासकट.

मग सर म्हणाले, "पण मॅडम, तुम्हाला वाचायला कोणी सांगितलं होतं? मी फक्त पान क्रमांक मागितले होते."

त्यांचा सल्ला असा होता की आहे तसं द्यावं, छापून आलेलं आहे, परीक्षकही त्याच लेखांवर वाढलेत. सल्ला व्यवहारी होता. दिवाळी जवळ येत होती आणि मला डॉक्टर व्हायचं होतं, हे मी कशाला लपवू. मी चार दिवस त्या प्रकरणाकडे बघत बसले. वाटायचं, नाही तरी बायका शिव्या घालतातच की दरवर्षी. आणि लगेच वाटायचं, पण तो सगळा तमाशाच की, थापेची अब्रू राखायला मांडलेला. रीत आहे की तमाशा आहे, एवढं एक ठरलं असतं तर मला लिहिता आलं असतं. आणि ते मागच्या खोलीतल्या कुठल्याच कागदात नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या सकाळी मी वही घेऊन नेहमीच्या जागी, सुरूखाली जाऊन उभी राहिले. सासूबाई पुढे निघाल्या होत्या, त्या वळल्या. म्हणाल्या की थंय काय करतंस, हंय ये. मी म्हटलं की मी निरीक्षण करते आहे. त्या परत आल्या, माझ्या हातातली वही घेतली, स्वतःच्या कमरेला खोचली आणि मला दंडाला धरून पाण्यापर्यंत नेलं. माझे केसही आता तसे पिकलेत, वाडीच्या हिशेबाने मी वडीलधाऱ्यांत जमा होते, हे तिथे उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं.

इतकी वर्षं लांबून हातवारे पाहिले होते. जवळून पहिल्यांदा शब्द ऐकले. समुद्राचं नाव एकीच्याही तोंडी नव्हतं. माझ्या डाव्या हाताची बाई, चार घरं सोडून राहणारी, एरवी देवळात डोळे वर न करणारी, ती मुंबईला जाऊन राहिलेल्या मुलाला फोन न करण्याबद्दल बोल लावत होती. तिच्या पलीकडची नणंदेचा उद्धार करत होती. एकजण दारू पिऊन मेलेल्या भावाला, मेल्या, मेल्या, एवढंच म्हणत होती. सासूबाईंनी सुरुवात सदऱ्यापासूनच केली. कपाटात अजून घडी आहे, घालणारा खंय गेलो, असं त्या विचारत होत्या, आवाज चढवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून. त्यांना रडू येत नव्हतं, त्या खरोखरच भांडत होत्या. मला तिथे सासऱ्यांची फार आठवण झाली.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "हे समुद्रा." बायका फिदीफिदी हसल्या. कोणीतरी म्हटलं की वर्गात नाय तू. मी पुन्हा प्रयत्न केला, अगदी आठवून आठवून एक शिवी दिली, ती सगळ्यांना बाळबोध वाटली. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, एक लाट गुडघ्यावर आपटली आणि माझ्या तोंडून फोंडाघाटची, माहेरची बोली बाहेर पडली.

"मी बॅग भरलंय काय तुजी कंबर धरता," मी म्हटलं. "दर खेपेक. कोल्हापुराक जावचा ठरला काय आदल्या दिसाक कंबर. डाक्टराकडे चला म्हटला तर नको, तेल लाव. मी तेल लावत बसलंय आणि एस्टी गेली. त्या खोलीत कागद नाय हत, माझ्यो चुकलेल्यो एस्टी हत सगळ्यो. माका थंय बसान वाचूचा होता. लोकांच्या हातान झेरॉक्सी मागवन नाय. तुका काय वाटला, घाट चढलंय तर मी परत येवचंय नाय?"

मी बोलतच राहिले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सतरा वर्षं ज्या सासूला मी अहो-जाहो केलं तिला मी अरे-तुरेच्या खाली नेऊन ठेवलं, आणि ती माझ्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आजूबाजूच्या बायकांचे आवाज केव्हाच थांबले होते. पण तोंड समुद्राकडे होतं. तोंड समुद्राकडे आहे तोवर कोणी काही म्हणायचं नाही, मध्ये पडायचं नाही, नंतर आठवण काढायची नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि तरी ते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मलाही. ते कळलं आणि तिसऱ्या प्रकरणाचं काय करायचं हा प्रश्नच सुटला. थापेतून निघालेली का असेना, ही रीत होती, कारण तिच्याशिवाय मी हे जन्मात कुठे बोलू शकले नसते. आता ते तसंच लिहायचं, पहिल्या थापेपासून, सर काहीही म्हणोत.

बायका पांगल्या. मला वळून बघायचं धाडस होत नव्हतं. सासूबाई पुढे झाल्या, कमरेची वही काढून माझ्या हातात दिली आणि घराकडे चालू लागल्या. मी मागून. वाळूतून, मग पायवाटेने, घराच्या कवाडापर्यंत. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते, आणि माफी मागितली की रीत मोडेल म्हणून ती गिळत होते.

कवाडाशी त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता कडी काढली.

"कंबर माजी खराच दुखा होती गो," त्या म्हणाल्या. मग कवाड ढकलून आत जाता जाता, "येकदा."